बारव गल्लीच्या सुना

बायनाबाईला स्थळ दाखवायचं तर आधी घर दाखवावं लागायचं, पोरगा नंतर. पोराला काय, न्हाऊ घालून इस्त्रीचा शर्ट चढवला की कुणीही चार तास शहाणा दिसतो. घराला मात्र एका दिवसात शिकवता येत नाही, असं तिचं म्हणणं. ताडकळसात भावकीतल्या कितीतरी पोरींची लग्नं तिच्या एका नजरेनं जमली होती आणि तितकीच मोडली होती. चुलीमागचा कोपरा, माठाखालची जागा आणि सासूच्या टाचा एवढं बघितलं की उरलेलं तिला कळायचं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. पण माणूस वाचायला शाळा लागते हे तिला अजून कुणी पटवून दिलं नव्हतं.

आणि आता तर स्वतःच्या नातीचं स्थळ होतं. अपेक्षाची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. लेकानं, परमेश्वरनं, दुसरं लग्न केलं नाही आणि बायनाबाईनं त्या पोरीला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती शिकत होती, हॉस्टेलवर राहत होती. बन्सीधर नावाच्या मध्यस्थानं हे स्थळ आणलं तेव्हा बायनाबाईच्या आधी अपेक्षाच मैत्रिणीला घेऊन ते घर बाहेरून बघून आली. एवढंच नाही, फोनमध्ये फोटो भरून आणले. जुन्या परभणीतली बारव गल्ली. सारवलेली अंगणं, माळवदाची घरं, मधोमध लिंब आणि त्याला पंचमीचे झोके.

"आज्जे, शहरात राहून गावात राहिल्यासारखं हाय बघ," अपेक्षा म्हणाली होती. "मला तर तिथून उठावंच वाटंना."

बायनाबाईनं फोटो लांब धरून, जवळ धरून बघितले. गोड दिसत होतं सगळं. गोड दिसणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास कमीच.

पंचमी तोंडावर आली होती. लग्नाचं बोलणं दिवाळीनंतर, पण घर बघायला काय हरकत, म्हणून ती ताडकळसहून सकाळच्या बसनं परभणीला आली. अपेक्षा स्टँडवर उभीच होती. घर बघून झालं की पंचमीसाठी तिला घेऊनच परत जायचं, असं ठरलं होतं.

"आज्जे, तिथं गेल्यावर पोलिसावानी चौकशी करू नकोस हां."

"पोलिसाला वरून फोन आला की तो गप बसतो. मला कोन फोन करनार हाय?"

"लोक चांगले हायत गं."

"चांगले असतील तर चौकशीनं काय झिजनार न्हाईत."

अपेक्षा हसली आणि तिनं आजीच्या हातातली पिशवी घेतली. असं हसताना तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. बायनाबाई जगात कुणालाच सांगणार नाही, पण त्या खळीसाठी ती काहीही करायला तयार होती.

रिक्षा जुन्या बाजारातून भांड्यांच्या दुकानांच्या ओळीपर्यंत आली. तिथं एक निजामाच्या काळातली दगडी कमान होती. रिक्षावाल्यानं कमानीच्या अलीकडंच ब्रेक लावला.

"इतंच उतरा, अम्मा."

"का? आत रस्ता अरुंद हाय का?"

"रस्ता चांगलाय," तो म्हणाला आणि समोर बघत राहिला.

कमानीखालून आत पाऊल टाकलं तशी मागची भांड्यांची ठोकाठोक, हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, सगळं थांबलं. कमी कमी होत गेलं नाही. उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं एकदम बसलं. बायनाबाईनं मागं वळून बघितलं. कमानीपलीकडं रिक्षावाला रिक्षा वळवत होता. त्याचा हात हॉर्नवर होता.

गल्ली फोटोतल्यासारखीच होती, किंबहुना जास्तच. शेणानं सारवलेली अंगणं, त्यावर रांगोळी. दारांना हिरवा रंग. एका भिंतीला म्हैस बांधलेली, कोंबड्या फिरायलेल्या. लिंबाच्या फांदीला झोके. पलीकडं दगडी बारव, पायऱ्या खाली उतरत गेलेल्या. ताडकळसातसुद्धा आता असं गाव राहिलं नव्हतं. तिथं अंगणात फरशा आल्या, गोठ्याच्या जागी गाळे आले, म्हैस बघायची तर डेअरीवर जावं लागतं. आणि इथं, शहराच्या पोटात, कुणीतरी जुनं गाव झाकून ठेवल्यासारखं जसंच्या तसं.

"बघ, म्हनलं न्हवतं मी?" अपेक्षा म्हणाली.

बायनाबाईनं नाकानं श्वास ओढला. अंगणात ओलं शेण होतं. शेणाचा वास नव्हता.

पोराच्या आईचं नाव सोजरबाई. ठेंगणा-ठुसका बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात नव्या हिरव्या बांगड्या. तिनं दारातच हात जोडले. पोरगा महारुद्र मागं उभा होता. विम्याच्या कंपनीत नोकरीला, बोलणं मऊ. बायनाबाईनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. मग तिचं लक्ष उंबऱ्याकडं गेलं.

उंबऱ्यावर, बरोबर मध्यभागी, पितळी मापटं ठेवलं होतं. ज्वारीनं शिगोशीग भरलेलं. नवी नवरी घरात येताना पायानं लवंडते ना, तसं.

"आज कुनाचं लगीन हाय का घरात?"

"न्हाई बा," सोजरबाई म्हणाली.

"मग माप कामून मांडलंय?"

"असू द्यावं. घरात सून यायचीय ना." दिवेलागणीला दिवा का लावला असं कुणी विचारल्यावर सांगावं, तसं तिनं सांगितलं. "या की आत."

"हितंच बरं हाय. वारं लागतंय."

वारं नव्हतं. लिंबाचं पान हलत नव्हतं. पण बायनाबाईच्या मनानं घेतलं होतं की पोरीनं हा उंबरा ओलांडायचा नाही. सोयरीक ठरायच्या आधी पोरीनं त्या घरात पाय ठेवू नये ही रीत होतीच. आज तिला ती रीत जास्त आठवली. दोघी बाहेर ओट्यावर बसल्या. सोजरबाईनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"सोयरीक जमल्याबिगर आमी पानी घेत न्हाई," बायनाबाई म्हणाली.

"आमचं पानी गोड हाय. बारवंचं हाय."

"गोड असंल की. म्हनून तर भ्या वाटतंय."

सोजरबाई हसली. तिला राग आला नाही. बायनाबाईच्या बोलण्याचा राग न येणारी बाई तिनं आजवर बघितली नव्हती. हीच गोष्ट तिच्या मनात खड्यासारखी टोचत राहिली.

झोक्यांवर सुना बसल्या होत्या. जरीच्या साड्या, हिरव्या बांगड्या, पायात जोडवी. एकमेकींना झोका देत होत्या आणि अपेक्षाकडं बघून हसत होत्या. पंचमीचा झोका कसा असतो हे बायनाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. झोका असतो माहेराला आलेल्या लेकीचा. पंचमीला सून माहेराला जाते आणि लेक माहेराला येते, सगळ्या गावाची उलथापालथ होते. तिनं झोक्यावरची एकेक बाई बघितली.

"ह्यात तुमच्या गल्लीच्या लेकी कोनत्या?"

"हितं लेकी न्हाईत," सोजरबाई म्हणाली. "समद्या सुनाच."

"आन् सुना पंचमीला माहेराला गेल्या न्हाईत?"

"न्यायला कोनी येत न्हाई."

एवढं बोलून ती पुन्हा हसली आणि आत चहाचं आधण ठेवायला गेली. जाताना तिनं साडी वर धरून, पाय उचलून, मापट्याला धक्का न लावता उंबरा ओलांडला. सवयीनं ओलांडला.

बायनाबाई उठली. घराची खरी गोष्ट शेजारच्या घरात कळते, ही तिची आयुष्यभराची पद्धत. ज्याच्या घरी सोयरीक करायची, त्याच्या शेजारणीकडं आधी एक फेरी मारायची, मग बोलायचं.

"म्या जरा गल्लीत हिंडून येते. तू हितंच बस," ती अपेक्षाला म्हणाली. "उंबरा वलांडायचा न्हाई. कुनी कितीबी म्हनलं तरी."

"बरं बाई. बसते दगडावानी."

"दगडच बरा. दगडाला कुनी फसवत न्हाई."

पहिल्या घरी एक उंच बाई दारात बसून लाह्या निवडत होती. बायनाबाई तिच्याशेजारी टेकली, लाह्या कुठल्या ज्वारीच्या, भाजल्या कशात, असं इकडचं तिकडचं विचारलं. बाईनं गोड गोड उत्तरं दिली. सोजरबाई कशी, तर चांगली. पोरगा कसा, तर चांगला. मग बायनाबाईनं तो प्रश्न विचारला जो कुठलीही बाई दुसऱ्या बाईला पहिल्या पाच वाक्यांत विचारते.

"तुमचं माहेर कुठलं?"

बाईचा हात लाह्यांवर थांबला.

"हेच की."

"हे तर सासर झालं."

"हितं आलं की हेच," बाई म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

उठताना बायनाबाईची नजर तिच्या उंबऱ्यावर गेली. तिथंही पितळी मापटं होतं. पण आडवं पडलेलं. ज्वारी आतल्या बाजूला सांडलेली, पंख्यासारखी पसरलेली. इतकी झाडलोट केलेली गल्ली, अंगणात एक काडी दिसत नाही, आणि दारातली ज्वारी कुणी भरली नव्हती. तिच्यावर धूळ साचली होती. दोन कोंबड्या उंबऱ्याजवळ फिरत होत्या. एकही दाण्याला चोच लावत नव्हती.

बायनाबाईनं स्वतःला समजावलं, असंल काही यांची चाल. गावागावाची रीत वेगळी. तिच्या माहेरी, देवगाव फाट्याकडं, नवरीला दारात गुळाचा खडा देतात. ताडकळसात देत नाहीत. म्हणून काय ताडकळसवाले वाईट झाले?

दुसऱ्या घरीही मापटं आडवं होतं.

तिसऱ्या घरीही.

आता ती थांबून विचारत नव्हती, चालता चालता नुसती दारं बघत होती. हिरवं दार, आडवं माप, सांडलेली ज्वारी. हिरवं दार, आडवं माप. एका दारातली ज्वारी इतकी जुनी होती की काळी पडली होती, तरी दाण्यांचा आकार तसाच, जणू आत्ताच कुणाचं पाऊल लागलं. सगळ्या गल्लीत उभं, भरलेलं माप एकच होतं. सोजरबाईच्या उंबऱ्यावरचं.

गल्लीच्या टोकाला बारवेच्या काठावर एक तरणी बाई घागर घेऊन बसली होती. घागर भरलेली होती आणि ती उचलत नव्हती. बायनाबाई जवळ आली तशी ती उठून उभी राहिली, पदर नीट केला. डोळ्यांत असं काही होतं की बायनाबाईला ताडकळसचा बस थांबा आठवला. पंचमीच्या आदल्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या सासुरवाशिणी. येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराकडं बघणाऱ्या.

"आज्जी," ती हळूच म्हणाली, "मला न्यायला आलाव का?"

बायनाबाईनं मान हलवली.

"न्हाई गं बाई. म्या स्थळ बघायला आले. नाव काय तुझं?"

"बबिता."

"कुनी आलं न्हाई का न्यायला? गाव कुठलं तुझं? सांग, म्या निरोप धाडते. आमच्याकडून चारी बाजूंनी गाड्या जातेत."

बबितानं तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळाला आठी पडली, अगदी बारीक, सुई ओवताना पडते तशी.

"जिभंवर हाय बघा नाव," ती म्हणाली. "घरामागं चिंच व्हती. मला एक भाऊ व्हता. तो सायकलवर येनार व्हता न्यायला."

"सायकलवर? आता कोन सायकलवर न्यायला येतंय?"

बबिता बायनाबाईच्या खांद्यावरून पलीकडं, सोजरबाईच्या घराच्या दिशेनं बघत होती.

"तुमच्यासंगं कोन हाय?"

"माझी नात."

"तिला कुठं बसवलंय?"

बायनाबाई वळली.

तिचे गुडघे दुखायचे. ती गेली कित्येक वर्षं पळाली नव्हती. आता पळाली.

झोके रिकामे होते. सुना उतरून सोजरबाईच्या अंगणात उभ्या होत्या, कुणाच्या स्वागताला उभं राहतात तशा, दोन बाजूंना. त्या बाजूला सरल्या. कुणी तिला अडवलं नाही.

ओट्यावर तिची पिशवी होती. अपेक्षा नव्हती.

उंबऱ्यावर मापटं आडवं पडलं होतं.

ज्वारी आत सांडली होती, पंख्यासारखी, आणि त्या दाण्यांच्या पलीकडं, आतल्या अंधारात, अपेक्षा उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"चुकून पाय लागला," ती म्हणाली. "चहाचं आधण उतू चाललं व्हतं. त्या म्हनाल्या, बघ गं जरा."

बायनाबाई दारातच थांबली. उंबऱ्याला हात न लावता तिनं आत हात लांबवला आणि नातीचं मनगट धरलं. मनगट थंड होतं, बारवेच्या पाण्यातून काढल्यासारखं. तिनं ओढलं. अपेक्षा आली. काही त्रास दिला नाही, सरळ बाहेर आली.

"आमाला ही सोयरीक करायची न्हाई," बायनाबाई नातीमागोमाग बाहेर आलेल्या सोजरबाईला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच धारदार निघाला, याचं तिलाच बरं वाटलं. "घर आवडलं न्हाई. मानसं आवडली न्हाईत. पोरगं चांगलं असंल, त्याला दुसरी बघा."

"बरं," सोजरबाई म्हणाली.

बस, एवढंच. मग तिनं अपेक्षाच्या केसातली बट कानामागं सारली, सासूनं सारावी तशी.

"पंचमीपुरती न्या तिला. मग आनून घाला."

"माझी नात हाय ती. तुमची सून न्हवं."

सोजरबाई नुसती हसली. सगळ्याच हसल्या. त्या कमानीपर्यंत बरोबर चालत आल्या आणि कमानीच्या सावलीच्या कडेला, रेघ आखल्यासारख्या, थांबल्या. सगळ्यांच्या मागं बबिता होती. ती हसत नव्हती.

बाहेर पाऊल पडलं आणि भांड्यांची ठोकाठोक कानावर आदळली. बायनाबाईला आयुष्यात कुठलाही आवाज इतका गोड लागला नव्हता. तिनं रिक्षा केली, पोरीला आत ढकललं, स्वतः बसली. स्टँडपर्यंत ती बोलत राहिली. सोजरबाईला बोलली, बन्सीधरला बोलली, गल्लीतल्या एकेका बाईला बोलली. त्या बन्सीधरला आता दारात उभा करत न्हाई म्हणाली. पंचमीला दिंडं कशी करायची, परमेश्वरनं झोक्याला नवा दोर आणलाय, लिंबाला बांधायचाय, सगळं सांगितलं. बोललं की भीती पातळ होते.

अपेक्षा ऐकत होती. मान हलवत होती.

"पानी पिलीस का तिथलं?"

अपेक्षानं थोडा विचार केला. "गोड व्हतं," ती म्हणाली.

ताडकळसची बस लागली. दोघींना जागा मिळाली. बस परभणीच्या बाहेर पडली, दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू झालं, वारं आत आलं. खराखुरा शेणाचा, मातीचा, डिझेलचा वास. बायनाबाईच्या जिवात जीव आला. पोर हाताशी होती. घर दोन-चार गावांवर होतं. बघून निर्णय घ्यायचा असतो, तो घेतला होता. आजवर तिचा एकही निर्णय चुकला नव्हता.

समोरच्या बाकावरची बाई मांडीवरचं पोर सावरत वळली आणि बसमध्ये बायका विचारतात तसं अपेक्षाला विचारलं, "कुठली गं तू, बाई?"

बायनाबाई उत्तराची वाट बघत राहिली.

अपेक्षानं तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळाला आठी पडली, अगदी बारीक.

"जिभंवर हाय," ती म्हणाली.

बायनाबाईनं तिच्याकडं बघितलं. अपेक्षानंही तिच्याकडं बघितलं, आदबीनं, जरा अवघडून. गालाला खळी पडली होती. तिच्या चपलेत, अंगठ्याच्या बाजूला, ज्वारीचा एक दाणा अडकला होता.

"आज्जी," तिनं हळूच विचारलं, "तुमी मला न्यायला आलाव का?"

जन्मात तिनं बायनाबाईला 'तुमी' म्हटलं नव्हतं.

बस खड्ड्यातून गेली. बायनाबाईनं तिचा थंड हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"व्हय गं बाई," ती म्हणाली. "न्यायलाच आले."

पोरीचा चेहरा उजळला. ती खिडकीकडं थोडी सरकली आणि अनोळखी म्हातारीला द्यावी तशी, तिनं बायनाबाईला बसायला जास्त जागा करून दिली.